महाप्रसाद संपला, पण त्या पत्रावळ्या गेल्या कुठे? सप्ताह-जत्रांच्या कचऱ्याचा हिशोब कुणी मांडायचा?

जत्रा, सप्ताह, लग्नसराई. हंगाम लागला की गावोगावी पंगती सुरू होतात. काल्याचं कीर्तन झालं की महाप्रसाद, आणि हजार-दोन हजार माणूस जेवून तृप्त होऊन घरी जातं. वाढप्यांची कमाल, आचाऱ्याचं कौतुक, सगळं व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मंदिरामागच्या ओढ्यात काय असतं, त्याचा फोटो मात्र कुणी टाकत नाही. पत्रावळ्या, द्रोण, पाण्याचे ग्लास, त्यात भात, बुंदी आणि पुऱ्यांचे तुकडे, आणि त्या ढिगात तोंड घालून उभी असलेली जनावरं. दोन-चार दिवसांनी वास सुटला की कुणीतरी काडी लावतं.

आता साधा हिशोब करू. दोन हजार माणसांची पंगत धरा. माणशी एक पत्रावळ, एक द्रोण, एक ग्लास म्हटलं तरी सहा हजार नग झाले. प्रत्येकाच्या पानात मूठभर, म्हणजे पन्नास ग्रॅम उष्टं राहिलं तर एक क्विंटल अन्न. खरं सांगायचं तर गावाच्या मानाने हा माल काही फार नाही. क्विंटलभर अन्न एका खड्ड्यात मावतं. सहा हजार पत्रावळ्या-ग्लास झटकून, दाबून गोण्यांत भरले तर ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत जातात.

घोळ होतो तो दोन्ही एकत्र पडल्यामुळे. वरण-भातात प्लास्टिक मिसळलं की त्याचं खत होत नाही, आणि प्लास्टिकला वरण लागलं की भंगारवाला त्याला हात लावत नाही. वेगळं असतं तेव्हा एक खत असतं आणि एक भंगार. एकत्र आलं की दोन्हीची घाण होते. शिवाय ढीग एकदा झाला की तो निवडायला कुणी बसत नाही. म्हणून जे काही वेगळं करायचं ते माणूस पानावरून उठतो त्या क्षणीच, त्या चार पावलांतच करावं लागतं.

‘उरलं तर गुरांना घालू, पुण्य लागेल’ असं म्हणणारी मंडळी प्रत्येक गावात आहेत. भावना चांगली आहे, पण इथे जरा थांबायला हवं. गाय, म्हैस, शेळी यांचं पोट चाऱ्यासाठी असतं. त्यांना एकदम भरपूर भात, पुरी, बुंदी मिळाली तर पोटात आंबण्याची क्रिया झपाट्याने होते आणि आम्ल वाढतं. जनावरांचे डॉक्टर याला ॲसिडोसिस म्हणतात. जनावर रवंथ बंद करतं, चारा सोडतं, पातळ हगतं, बसून राहतं. वेळेत डॉक्टर आला नाही तर एक-दोन दिवसांत दगावूही शकतं. सकाळी दावणीला मेलेली गाय बघून आपण पान लागलं म्हणतो, कुणाची नजर लागली म्हणतो, पण आदल्या दिवशी ती मंडपामागे काय खाऊन आली हे विचारत नाही.

प्लास्टिकचं दुखणं तर याहून हळू. अन्नाचा वास लागलेली पिशवी जनावर सोडत नाही, गिळून टाकतं. ती पचतही नाही आणि बाहेरही पडत नाही. शस्त्रक्रिया करून एकेका गायीच्या पोटातून कित्येक किलो प्लास्टिक काढल्याच्या बातम्या आपण वाचतोच. दुभती गाय आज कितीला पडते ते शेतकऱ्याला सांगायला नको. पंगत सगळ्या गावाची असते, नुकसान मात्र एकाच घराचं होतं.

कायदा नाही असंही नाही. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या आणि थर्माकोलच्या ताट-वाट्या, ग्लासांवर बंदी आली. पहिल्यांदा सापडला तर पाच हजार, दुसऱ्यांदा दहा हजार, तिसऱ्यांदा पंचवीस हजार रुपये दंड आणि तीन महिने कैद. पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर तशी बंदी झाली. तरी आठवडी बाजारात जाऊन बघा, काय मिळत नाही? आणि हल्ली ‘कागदी’ म्हणून जी चकचकीत पत्रावळ विकतात, तिच्यावरून बोट फिरवा. आमटी गळू नये म्हणून आतून बहुधा प्लास्टिकचाच पातळ थर असतो. पळसाच्या पानांची पत्रावळ खड्ड्यात टाकली की माती होते, ही होत नाही.

आणखी एक नियम फारसा कुणाला माहीत नाही. केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांत अशी अट आली की परवाना नसलेल्या जागी शंभरावर माणसं जमवायची असतील तर आयोजकाने किमान तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवायचं, शुल्क भरायचं आणि कचरा जागेवरच वेगळा करून द्यायचा. त्या नियमांचा रोख मुख्यतः शहरांवर आणि तीर्थक्षेत्रांवर होता. पण ग्रामसभेने आपल्या गावापुरतं हेच ठरवलं तर अडचण काय? स्पीकरसाठी पोलीस ठाण्यात अर्ज जातो, लाईटसाठी वायरमनला सांगितलं जातं. कचऱ्यासाठी कुणालाच कुणी विचारत नाही.

मग करायचं काय? सगळ्यात स्वस्त उपाय जुनाच आहे. ताट-तांब्या घरून आणायचा, जेवून घरी नेऊन धुवायचा. पूर्वी कित्येक गावांत सप्ताहाला असंच चालायचं. यावर ‘पाहुण्यांपुढे बरं दिसत नाही’ असं कुणी म्हणतं, ते सोडून द्या. पाण्याचा आक्षेप मात्र खरा आहे. स्टीलची दोन हजार ताटं एका जागी धुवायची, ताटामागे दोन लिटर धरले तरी चार हजार लिटर पाणी लागतं. एप्रिल-मे महिन्यात टँकरवर असलेल्या गावाने ते कुठून आणायचं? म्हणून गावकऱ्यांनी ताट घरून आणावं आणि बाहेरगावच्यांसाठी तेवढ्या पानांच्या पत्रावळ्या ठेवाव्यात, हे जमण्यासारखं आहे. पाण्याला ग्लासाऐवजी तांब्या किंवा वरगळ्या चालतात.

जेवणात काय आहे यावरही बरंच ठरतं. गोदाकाठच्या सराला बेटाच्या गंगागिरी महाराज सप्ताहात आमटी-भाकरीचा प्रसाद असतो आणि भाकरी गावागावांतून, घराघरांतून येतात. भाकरी उरली तरी वाळते, दुसऱ्या दिवशी खाता येते. चार भाज्या, दोन गोड, भात आणि वर पापड असं ताट वाढलं की टाकून देणं आलंच.

आता पंगतीतल्या त्या चार पावलांबद्दल. उठण्याच्या वाटेवर तीन पिंपं ठेवायची: एक उष्ट्यासाठी, एक पत्रावळ्यांसाठी, एक ग्लास-बाटल्यांसाठी. नुसती पिंपं ठेवून भागत नाही, दोन पंगतींत तिन्ही सारखीच भरतात. प्रत्येक पिंपाशी माणूस उभा हवा. वाढायला चाळीस पोरं पुढे येतात, पिंपाशी उभं राहायला एकही येत नाही. वाढप्याला मान आहे, उष्टं उचलणाऱ्याला नाही. ते काम शेवटी ठरावीक घरांच्या किंवा बायांच्याच वाट्याला येतं, आणि हे गावात सगळ्यांना माहीत असतं. गाडगेबाबा कीर्तनाआधी स्वतः खराटा घेऊन गाव झाडायचे. त्यांच्या पुण्यतिथीच्या जेवणावळीतही आपण हे काम दुसऱ्यावर ढकलतो.

उष्ट्याचं खत करायचं तर त्यात दुपटी-तिपटीने पाचट, पालापाचोळा, माती आणि थोडं शेण घालावं लागतं, नुसतं अन्न टाकलं तर सडून वास मारतं. नाडेपचा हौद बऱ्याच गावांत बांधून पडला आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नाडेपकाका पांढरीपांडे यांची ती पद्धत, खत साधारण तीन-चार महिन्यांत तयार होतं.

पैशाचं म्हणाल तर स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी पाच हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावाला माणशी साठ रुपयांपर्यंत तरतूद ठेवली गेली. म्हणजे तीन हजारांच्या गावाला एक लाख ऐंशी हजार. प्लास्टिकसाठी तालुक्याला एक केंद्र, त्याला सोळा लाखांपर्यंत. आपल्या गावाच्या वाट्याचं काय झालं, आणि तालुक्याच्या केंद्राचं यंत्र चालू आहे की कुलपात, हे ग्रामसेवकांना, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना, ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. पण हेही लक्षात ठेवा, त्या केंद्रालाही प्लास्टिक सुकं आणि स्वच्छच लागतं.

सप्ताहाच्या वर्गणीची बैठक महिनाभर आधी होते. वहीत मंडप, स्पीकर, महाराजांचं मानधन, आचारी, किराणा असं सगळं लिहिलं जातं. तिथेच एक ओळ वाढवायची आहे: तीन पिंपं, दोन माणसांची दोन दिवसांची मजुरी आणि ट्रॉलीचं डिझेल.