बास्केटबॉलच्या मैदानावरील दोन रेषा

डिसेंबर १८९१ मध्ये जेम्स नेस्मिथ यांनी अमेरिकेतील स्प्रिंगफिल्ड येथे बास्केटबॉल सुरू केला. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी तो स्मिथ महाविद्यालयातील मुलींना शिकवला, पण नियम बदलून. दोन रेषा आखून मैदानाचे तीन भाग केले. आपला भाग ओलांडायचा नाही, चेंडू हिसकावायचा नाही, तीन सेकंदांहून अधिक धरायचा नाही. मुलींना दमणूक सोसत नाही, असा तेव्हाचा समज होता.

बेरेन्सन यांना दोष देणे मला उचित वाटत नाही. त्या रेषांवाचून मुलींना बहुधा मैदानच मिळाले नसते. पण सवलतीचे पुढे कुंपण झाले. आयोवा राज्यात शाळकरी मुली १९९३ पर्यंत अर्ध्याच मैदानात खेळत होत्या. ऑलिम्पिकमध्ये हा खेळ पुरुषांसाठी १९३६ साली आला, स्त्रियांसाठी १९७६ साली.

आता आपल्या गडचिरोलीकडे पाहा. पहाटे मोहफुले वेचणारी, मे महिन्याच्या उन्हात तेंदूपानांचे भारे वाहणारी, दिवसभर वाकून धानाची रोवणी करणारी स्त्री नाजूक आहे, असे इथे कोणी म्हणत नाही. तिच्याच मुलीने मैदान मागितले की मात्र ‘झेपेल का?’ असे विचारले जाते. भारा उचलताना हा प्रश्न कुणाला पडला होता?

मे २०१८ मध्ये शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील आश्रमशाळेची विद्यार्थिनी मनीषा धुर्वे ‘मिशन शौर्य’ मोहिमेत एव्हरेस्टवर पोहोचली. सोबत तिच्याच जिल्ह्यातील मुलगे होते आणि चढाईची वाट सर्वांना एकच होती.