चौघींचे घर



मागच्या महिन्यात आमची भाची आठ दिवस राहायला आली होती. रात्रीची जेवणे आटोपली की ती पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून ठेवी आणि एक जुनी अमेरिकन मालिका लावी. नाव ‘द गोल्डन गर्ल्स’. आमचे इंग्रजी बेताचेच. अडले की भाची सांगे. आमची थोरली बहीण भांडी विसळता विसळता कान देऊन ऐके. चार म्हाताऱ्या बायका एका घरात राहतात, भांडतात, हसतात, एवढे कळायला भाषा फारशी लागत नाही.

आधी ओळख करून देतो. ही मालिका अमेरिकेतल्या एनबीसी वाहिनीवर १४ सप्टेंबर १९८५ रोजी सुरू झाली आणि ९ मे १९९२ रोजी संपली. एकंदर १८० भाग झाले. कल्पना सुसान हॅरिस या लेखिकेची. स्थळ फ्लोरिडातले मायामी शहर. घर ब्लँच नावाच्या विधवेचे. तिथे भाड्याने राहणारी रोज, तीही विधवा, मिनेसोटातल्या एका लहान गावाहून आलेली. तिसरी डोरोथी, बदली शिक्षिका. अडतीस वर्षे संसार केल्यावर नवरा एका तरुण हवाई सुंदरीच्या नादी लागून निघून गेला. आणि चौथी डोरोथीची आई सोफिया. तिच्या वृद्धाश्रमाला आग लागली म्हणून ती लेकीकडे आली, ती राहिलीच. गंमत अशी की सोफियाचे काम करणाऱ्या एस्टेल गेटी या लेकीचे काम करणाऱ्या बी आर्थर यांच्यापेक्षा वयाने वर्षभर लहान होत्या! टोप आणि रंगरंगोटी करून त्यांना म्हातारे करावे लागे.

चौघींनाही या कामासाठी एमी हा मानाचा पुरस्कार मिळाला. आज चौघीही हयात नाहीत. गेटी २००८ साली गेल्या, आर्थर २००९ साली, ब्लँचचे काम करणाऱ्या रू मॅक्लॅनहन २०१० साली. रोज झालेल्या बेटी व्हाइट शंभरी अवघ्या काही दिवसांवर असताना ३१ डिसेंबर २०२१ रोजी गेल्या.

आता मुद्द्याचे बोलू. चाळीस वर्षे झाली. यातले आज काय टिकले आणि काय विटले?

विनोद बरेच विटले आहेत, हे सांगितलेच पाहिजे. डोरोथीच्या उंचीवरून, जाड्या आवाजावरून, रूपावरून टोमणे. ब्लँचला पुरुषांचा नाद म्हणून टोमणे. रोज भोळी म्हणून टोमणे. समोर बसलेल्या प्रेक्षकांचे हसू त्यात ऐकू येते. पहिल्या दिवशी आम्हीही हसलो. तिसऱ्या दिवशी तोच टोमणा पुन्हा आला, तेव्हा बहीण म्हणाली, “त्या बाईला उंचीशिवाय दुसरं काही नाही का?” आमच्याकडे उत्तर नव्हते.

पण फेब्रुवारी १९९० मध्ये दाखवलेला एक भाग पाहिला आणि आम्ही मोबाईल थांबवून पुन्हा मागे घ्यायला सांगितला. रोजला रुग्णालयाचे पत्र येते. काही वर्षांपूर्वी पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेत तिला दिलेले रक्त दूषित असू शकेल, एड्सची तपासणी करून घ्यावी. निकालाला ७२ तास. ते तीन दिवस घरात कसे जातात, हीच सारी गोष्ट. एड्सचे नाव काढले तरी लोक दूर सरकत, असा तो काळ. रोज चिडून ब्लँचला विचारते, की तू इतक्या पुरुषांबरोबर राहिलीस, मग हे माझ्याच वाट्याला का? ब्लँच तिला बजावते, की हा आजार काही वाईट माणसाला मिळालेली शिक्षा नाही. आणि सोफिया, जिच्यावर आपले सगळ्यात जास्त प्रेम बसलेले असते, ती काय करते? रोजच्या कपावर रोजच्या नावाचे अक्षर लिहून ठेवते. तो कप दुसऱ्या कोणी उचलू नये म्हणून.

वेगळा कप म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्यांच्या आजोबांनी गावच्या हॉटेलाबाहेर आपली कपबशी आपणच विसळून ठेवली आहे, त्यांना ते अक्षर पाहून कसे वाटेल? आमच्या बहिणीने हातातले भांडे खाली ठेवले. डोरोथी आईवर संतापते. निकाल चांगला येतो. पण भाग संपला तरी आम्हाला दिसत राहिला तो कप. प्रेमळ माणूससुद्धा भीतीपोटी असे वागते, हे त्या लेखकांनी लपवले नाही. असा भाग जुना होत नाही.

वर्णाच्या बाबतीत मात्र या घराची नजर तोकडी होती. मार्च १९८८ च्या एका भागात डोरोथीचा २३ वर्षांचा मुलगा ४४ वर्षांच्या काळ्या स्त्रीशी लग्न ठरवतो. डोरोथीला वय खटकते, मुलीकडच्यांना मुलाचा गोरा रंग खटकतो. बोलणी चालू असताना कोणते कारण पुढे करायचे आणि कोणते पोटात ठेवायचे, हे आपल्याकडच्या लग्नांतही आपण पाहतोच. पण विनोद कशावर? मुलीची माणसे येतात, तेव्हा ब्लँच आणि रोज तोंडाला सौंदर्याचा चिखल फासून बसलेल्या असतात, आणि रोज भाबडेपणाने खुलासा करते की आम्ही खऱ्या काळ्या नाही.

मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे पोलिसाच्या गुडघ्याखाली जॉर्ज फ्लॉइड मारला गेला. त्यानंतरच्या महिन्यात हुलू या कंपनीने हा भाग आपल्या यादीतून काढून टाकला. आम्हाला हे काही फार मोठे पाऊल वाटले नाही. चिखल पुसता येतो. १८० भागांत त्या घरातल्या चौघी गोऱ्याच राहिल्या, काळी माणसे पाहुणी म्हणून आली आणि गेली, ते कसे पुसणार? भाग लोकांना दिसू द्यावा, पाहून बोलू द्यावे, असे आमचे मत.

पुढे डोरोथी लग्न करून गेल्यावर उरलेल्या तिघींनी ‘द गोल्डन पॅलेस’ नावाच्या मालिकेत एक हॉटेल चालवले. ती १९९२-९३ असे एकच वर्ष चालली. तिथे व्यवस्थापक काळा होता, काम करणारे डॉन चीडल. एका भागात दक्षिणेत वाढलेली ब्लँच पाहुण्या बायकांसाठी हॉटेलात गुलामगिरी राखण्यासाठी लढलेल्या राज्यांचा झेंडा लावते. तिला तो वाडवडिलांचा अभिमान वाटतो. व्यवस्थापक तिला सांगतो, की मला तो झेंडा वेगळाच दिसतो. घरात कायम काळा माणूस आल्यावरच हा प्रश्न निघाला. असो.

बाकी दोन भागांचे थोडक्यात सांगतो. १९८९ सालच्या एका गोष्टीत डोरोथी महिनोनमहिने थकलेली असते. एकामागून एक डॉक्टर तिला तुम्हाला काही झालेले नाही म्हणून परत पाठवतात. न्यूयॉर्कचा मोठा तज्ज्ञ तर तिला केसांचा रंग बदलून पाहायला सांगतो! शेवटी रोगाला नाव मिळते, आणि एका उपाहारगृहात तोच तज्ज्ञ दिसल्यावर ती त्याला त्याच्या बायकोदेखत सुनावते. सुसान हॅरिस स्वतः असल्याच आजाराने बेजार होत्या. दवाखान्याच्या ओळीत तीन तास बसून “काही नाही, वयाचं आहे” हे ऐकून परतलेल्या आमच्या मायबहिणींनी हा भाग जरूर पाहावा.

दुसरा त्याच वर्षाचा. नवऱ्याची कंपनी बुडते आणि रोजची निवृत्तीवेतनाची रक्कम बंद होते. या वयात ती नोकरी मागायला निघते, आणि तिचे वय पाहूनच लोक नकार देतात. गिरणी बंद पडलेल्या घरांना ही गोष्ट परदेशातली वाटणार नाही.

शेवटच्या रात्री भाचीने बॅग भरता भरता विचारले, “मावशी, म्हातारपणी तुम्ही पण मैत्रिणी अशाच एकत्र राहाल का?” बहिणीने पदराला हात पुसले.

“घर कुणाच्या नावावर आहे म्हणालीस?”

“ब्लँचच्या.”

“मग खरंच भांडण झालं, तर बाकीच्या तिघी जाणार कुठे?”

भाचीने पुढचे भाग आठवून पाहिले. हॉटेल घ्यायचे ठरले तेव्हा ते घर विकून पैसे त्यात घातले, एवढे तिला आठवले. “हां,” बहीण म्हणाली, “म्हणजे शेवटी सगळ्यांचं नाव लागलं,” आणि दिवा मालवायला उठली.