चेन आपणच बघावी

माझी करिझ्मा २००३ची, २२३ सीसी. २०२३ मध्ये त्याच नावाची २१० सीसीची नवी आली तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, आता विका ही!" विकेनही. पण लांबच्या प्रवासाला गाडी कुठली, यापेक्षा तिची चेन कोण बघतं हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

झालं काय, एकदा रत्नागिरीला निघायच्या आदल्या दिवशी मेकॅनिकने चेन चांगली ताणून दिली. आवाज बंद, मी खूश. आंबा घाटात मागे बायको, दोन बॅगा आणि प्रत्येक खड्ड्याला खट्ट! वजन पडलं की मागचं सस्पेन्शन दबतं, चेन आणखी ताणली जाते. म्हणून तर ढील ठेवायची. हे मला ठाऊक होतं हो, बघितलं मात्र नव्हतं. घाट उतरून साखरप्याला सैल केली. वळणावर तुटून मागचं चाक अडकलं असतं तर? ही एवढंच म्हणाली, "आधी सांगायचंस, मी एसटीने आले असते."

आता आदल्या संध्याकाळी मी, ब्रश आणि रॉकेल. चाक हाताने फिरवून चार ठिकाणी ढील बघतो, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी नसते. आणि इंजिन बंद ठेवून बरं का! चालू गाडीची चेन पुसताना लोकांची बोटं गेली आहेत.