मेच्या पावसाने मोडला ताण. डाळिंबाला पालवी येणार की कळी?

२०२५ मध्ये मॉन्सून २६ मे रोजीच पुण्यात पोचला; एरवी तो जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतो. त्याच्या आदल्या दिवशी दौंड, बारामती, इंदापूर भागात धुवाधार पाऊस झाला. शिरूर आणि दौंड तालुक्यांत मृग बहारासाठी पाणी तोडलेल्या डाळिंब बागा नेमक्या तेव्हा ताणावर होत्या. अशा वेळी इथ्रेल मारून पानगळ करायची की त्या वर्षीचा मृग सोडायचा? याचे उत्तर कॅलेंडरमध्ये नाही, मुळांजवळच्या ओलाव्यात आहे.

ताणात नेमके काय होते? पाणी तुटले की शेंडावाढ थांबते, काडीत अन्नसाठा होतो, पाने पिवळी पडून गळू लागतात. मग पाणी दिले की नव्या पालवीबरोबर कळी निघते. ताण पुरा होण्याआधीच ओल मिळाली, तर झाड पुन्हा वाढीला लागते. कोरड्या जमिनीवर पाऊस पडला की मातीतले नत्रही मोकळे होते, त्याने शेंडे आणखी पळतात. पालवी भरपूर दिसते. कळी मात्र कमी आणि मागेपुढे निघते.

बांधावरचा कडुनिंब भर उन्हाळ्यात पालवतो, कारण त्याची मुळे खोलवरच्या ओलीपर्यंत जातात. डाळिंबाची अन्न घेणारी बहुतेक मुळे वरच्या दोन फुटांत असतात. त्यामुळे एका जोरदार पावसाचाही डाळिंबावर लगेच परिणाम दिसतो.

पाऊस सारखा पडला तरी सगळ्या बागांची स्थिती सारखी नसते. हलक्या, मुरमाड जमिनीत ताण लवकर बसतो आणि उघडीप मिळाली तर ओलही लवकर उतरते. भीमाकाठच्या भारी काळ्या जमिनीत वर भेगा दिसल्या तरी खाली ओल टिकून असते. कालव्याचा पाझर असेल तर ताण आधीच अर्धवट राहिलेला असतो.

म्हणून प्रत्येक प्लॉटमध्ये ठिबकच्या नळीजवळ दीड फूट खड्डा घ्या आणि तळाची माती मुठीत दाबून पाहा.

- पानगळ आधीच झाली असेल, तर पाऊस हेच पहिले पाणी समजा. चर काढून साचलेले पाणी बाहेर काढा आणि नत्र लगेच देऊ नका.
- पाने पिवळी असतील आणि माती दाबल्यावर भुगा होत असेल, तर ताण अजून शिल्लक आहे. इथ्रेलचे प्रमाण पानांची स्थिती पाहून, तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच ठरवा.
- पाने हिरवीगार असतील आणि मातीचा गोळा होत असेल, तर जास्त इथ्रेल मारून जबरदस्तीने पानगळ करू नका. काडी वाळू शकते आणि कळीचीही खात्री नसते.

तिसऱ्या गटातल्या बागांनी हस्त किंवा आंबे बहाराचा विचार करावा. मात्र आपल्याकडे सप्टेंबरमध्येही चांगला पाऊस असतो, त्यामुळे भारी जमिनीत हस्ताचा ताण बसणे अवघड जाते. आंबे बहाराला ताण चांगला बसतो, पण पुढचा सारा उन्हाळा पाणी लागते. शिरूरमध्ये चासकमान आणि घोडचे, दौंडमध्ये खडकवासल्याच्या कालव्याचे आवर्तन आणि आपली विहीर यांचा हिशोब आधी मांडा.

वर्षाला एकच बहार घ्यायचा असतो. शेजाऱ्याने इथ्रेल मारले म्हणून आपण मारू नका. त्याची माती वेगळी आहे. आधी आपला खड्डा पाहा.