दोर मोजणाऱ्यांची कलादृष्टी

समुद्रयुद्धाचे चित्र खरे केव्हा म्हणावे? दोर, शिडे, तोफा जागच्या जागी असल्या की झाले, असे मानणाऱ्यांशी माझे भांडण आहे.

इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज याने टर्नरकडून ट्रफाल्गरच्या लढाईचे चित्र करून घेतले. १८२४ साली ते पुरे झाले. सुमारे बारा फूट रुंदीचे ते चित्र राजवाड्यात लागताच आरमारी मंडळींनी चुकांचा पाढा वाचला. त्यात तथ्य होते. २१ ऑक्टोबर १८०५ रोजी दुपारी बाराच्या आधी 'व्हिक्टरी'वर चढलेली संदेशाची निशाणे, एकच्या सुमारास कोसळलेली डोलकाठी, दिवस कलताना पेटलेले 'अशिल', दुसऱ्या दिवशी बुडालेले 'रदूताब्ल', हे सारे टर्नरने एकाच क्षणात कोंबले. १८२९ साली राजाने ते चित्र ग्रिनिचच्या खलाशांच्या आश्रमाला देऊन टाकले.

घड्याळ चुकले, मान्य. पण चित्राच्या अगदी पुढे काय आहे ते पाहा. फुटक्या लाकडांना बिलगलेली, गटांगळ्या खाणारी माणसे! त्या लढाईत इंग्रजांचे साडेचारशेच्या आसपास लोक मेले, फ्रेंच-स्पॅनिश बाजूचे त्याच्या कितीतरी पट. विजयाच्या चित्रात पुढचा मान टर्नरने मरणाऱ्यांना दिला. दोर मोजणाऱ्यांनी त्यांना मोजलेच नाही.

मग अचूकपणा नकोच का? हवा तर! डच चित्रकार थोरला व्हान डे व्हेल्डे १६६६ च्या चार दिवसांच्या लढाईत लहानशा होडीतून रेखाटने करत होता. त्या छातीला माझा मुजरा. पण कोणते जहाज कुठे होते, हे सांगून चित्रकाराचे काम संपत नाही. त्या जहाजाची किंमत कोणी मोजली, हेही त्याने सांगायला हवे.

आपण तरी कुठे वेगळे आहोत? कान्होजी आंग्र्यांचे आरमार म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो झेंडा आणि तलवार उपसलेला सरखेल. गुराबा-गलबतांवर जीव घालणारे कोळी, भंडारी त्या चित्रात कुठे असतात? त्यांच्या नातवा-पणतवांनी ते चित्र पाहिले, तर आपला माणूस त्यांनी कुठे शोधावा?

उद्या कोणी ते चित्र नव्याने काढले आणि डोलकाठी चार बोटे इकडेतिकडे झाली, तरी मी चालवून घेईन. पाण्यातला माणूस राहून गेला, तर मात्र नाही.