वीज परत येते तो क्षण

उंब्रजच्या आसपास कृष्णाकाठी उसाला पाणी देणारे पंप तुम्ही पाहिले असतीलच. ऐन उन्हाळ्यात रोहित्र, म्हणजे गावात ज्याला डीपी म्हणतात ते, जळाले की सगळे वीज कंपनीच्या नावाने बोटे मोडतात. माझ्या मते थोडा दोष आपल्या ऑटोस्विचचाही आहे. हिशेब करून पाहा.

१०० केव्हीएचे रोहित्र ४३३ व्होल्टला सुमारे १३३ अँपिअर देते. पाच अश्वशक्तीचा पंप चालताना साधारण ७ अँपिअर घेतो. पंधरा पंपांचे झाले १०५. रोहित्र निश्चिंत! पण मोटार थेट सुरू होताना सुमारे सहापट प्रवाह ओढते. गेलेली वीज आली आणि पंधराही पंप आपोआप एकदम उठले, तर मागणी ६३० च्या घरात जाते. मग दाब उतरतो, मोटारींना वेग घ्यायला आणखी वेळ लागतो आणि तेवढा वेळ रोहित्राची वेटोळी तापत राहतात. त्यांच्यावरचा यांत्रिक ताण तर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

अशा क्षणिक प्रवाहांचे गणित संगणकावर, काळाचे अतिसूक्ष्म तुकडे पाडून सोडवण्याची पद्धत हर्मन डोमेल यांनी १९६९ मध्ये मांडली. शाळेत मात्र आपण वेढ्यांच्या गुणोत्तरापाशीच थांबतो. शिक्षकांनी हे उदाहरण फळ्यावर जरूर घ्यावे.

ऑटोस्विच काढून पंप एकेक करून, मिनिटभराच्या अंतराने लावले तर? चौदा पंप चालू असताना पंधरावा सुरू झाला: ९८ अधिक ४२, म्हणजे १४० अँपिअर. क्षमतेच्या जरासे वर, तेही काही सेकंदच.