आईला विचारलं का?

आई इंदूरला, आम्ही हैदराबादला. मागच्या वर्षी ती पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर एका ब्युरोकडून बारा तासांची मावशी ठेवली. रोज संध्याकाळी माझा फोन ठरलेला. मावशी वेळेवर आल्या? गोळ्या दिल्या? जेवण झालं? तिन्ही उत्तरं ‘हो’. मी निश्चिंत!

दीड महिन्यानं गेले, तर आई दिवसभर डायपरमध्ये. वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाणारी आई आता चार पावलंही टाकेना. मावशी म्हणाल्या, “ताई, आजी पडल्या तर जबाबदारी कुणाची?” त्या गेल्यावर आई हळूच म्हणाली, “तक्रार केली आणि हीसुद्धा सोडून गेली तर?”

आधी मी मावशींवर चिडले. मग आठवलं, ही दीड महिन्यातली तिसरी मावशी. आईला उठवताना कसं धरायचं, किती चालवायचं, हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं. ना ब्युरोनं, ना आम्ही. म्हातारपणी पडून राहिलं की स्नायूंची ताकद झपाट्यानं जाते, आणि ती परत मिळवायला फार कष्ट पडतात.

तुमच्याही घरी मदतनीस असेल, तर आम्ही उशिरा केलेल्या या गोष्टी तुम्ही आधीच करा:

• फिजिओथेरपिस्टना घरी बोलवा आणि मावशींना समोर बसवून शिकवा.
• मावशी बदलणार असतील, तर नव्या मावशींनी एक दिवस जुन्यांसोबत काम करावं, हे ब्युरोशी आधीच ठरवा.
• एक वही ठेवा. आज किती वेळा उठवलं, किती चालवलं, पाठीवर किंवा टाचेवर लाल डाग आहे का, हे रोज लिहा. ज्यांना स्वतः कूस बदलता येत नाही, त्यांची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते.
• मावशींना आठवड्याची सुट्टी द्या. थकलेला माणूस प्रेमानं कसं करणार?
• आई-बाबांशी एक फोन मावशी समोर नसताना करा.

कुणी ज्येष्ठांची हेळसांड करत असेल किंवा सल्ला हवा असेल, तर 14567 ही मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन आहे.

मी आता आईला विचारते, “आज तुझ्या मनासारखं काय झालं?” काल म्हणाली, “ओट्याशी उभी राहून चहा केला. साखर जरा जास्तच पडली, पण मीच केला.”